एका मापाची फळं

२८ मार्च
आजपासून रोजनिशी. मनातलं बोलावं असं इथे कोणी नाही. बायको आहे, पण माहेरी आल्यापासून ती माझी बायको कमी आणि तिच्या बापाची लेक जास्त झाली आहे.

परिस्थिती अशी. सासरेबुवा बागेत शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शरद ऋतू लागेपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. एकुलती एक लेक, तीही मला दिलेली. सगळे जेवायच्या टेबलाभोवती तोंडं पाडून बसले होते. ती शांतता मला सहन होईना, म्हणून बोलून गेलो की बागेचं मी बघतो. असं कोणी म्हटलं की समोरच्याने 'छे छे, तुमची नोकरी, तुमचं ऑफिस' असं म्हणायचं असतं. जगरहाटी आहे. कोणी म्हणालंच नाही! सासूबाईंनी डोळे पुसले. सासरेबुवांनी लगेच शेडच्या किल्ल्या मागवल्या आणि माझ्या ताटाशेजारी ठेवल्या.

साहेबांना फोन केला. बिनपगारी रजा मंजूर. इतक्या चटकन मंजूर होईल असं वाटलं नव्हतं. शिवाय म्हणाले की रेकॉर्ड सेक्शनचे हेड सप्टेंबरअखेर रिटायर होतायत. एक ऑक्टोबरला मी हजर असलो तर ती खुर्ची माझी, नसलो तर टायवाल्याची. टायवाला म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा इसम. भर उन्हाळ्यात टाय लावतो.

त्या खुर्चीला चाकं आहेत. मागे खिडकी आहे. नोकरीला लागल्यापासून मी तिच्याकडे बघतोय.

३० मार्च
बाग समजून घेतली. सफरचंदाची झाडं, मधे गवत, टोकाला पत्र्याची शेड, शेडमधे फळं निवडायचं लांब टेबल. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात.

सुटकेचा मार्गही समजला. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी एक व्यापारी येतो. त्याच्या खिशात एक पितळी कडं असतं. मनाला येईल त्या झाडाचं फळ तोडतो आणि कड्यातून सोडतो. फळ कड्यात अडकलं तर उभी बाग घेतो, त्याचीच माणसं येऊन तोडून नेतात, मालक मोकळा. आरपार पडलं तर नमस्कार करून चालू लागतो. मग मालकाने आपणच तोडायचं, निवडायचं, पेट्या भरायच्या आणि हिवाळाभर गिऱ्हाईक शोधत बसायचं.

म्हणजे फळ अडकलं की मी सुटलो. सरळ हिशेब आहे. फळ मोठं करायचं. त्यात काय?

६ एप्रिल
सासरेबुवांची खुर्ची व्हरांड्यात हलवली. गळ्यात शिट्टी, हातात दुर्बीण. एक शिट्टी म्हणजे इकडे या. दोन म्हणजे चुकीच्या रांगेत आहात. तीन शिट्ट्या सासूबाईंसाठी, चहा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेळी मी.

१९ एप्रिल
बहर आला. झाडं पांढरीशुभ्र. मान्य करायला हवं, बघत राहावंसं वाटलं.

मधमाशी चावली. कानाला. तो कान आता दुसऱ्याच्या दीडपट आहे. जेवताना फळाचा आकार कसा वाढवावा यावर बोलत होतो तर बायको माझ्या कानाकडे बघून हसत सुटली. सासूबाई पण. मी उठून गेलो नाही, कारण भूक होती.

१४ मे
फळं धरली! एकेका घोसात चार-चार, पाच-पाच. बोराएवढी आहेत पण गच्च आहेत. हे माझ्या देखरेखीचं फळ. टायवाल्याला जमलं असतं का?

शेजारची बाग बायकोच्या आत्याची. आत्याबाईंचं डोकं फिरलं आहे. सकाळपासून आपल्याच झाडांवरची चांगली, जिवंत फळं तोडून गवतात फेकतायत. कुंपणाशी जाऊन विचारलं तर म्हणाल्या, घोसात एकच ठेवायचं, दोन फळांमधे वीतभर जागा सोडायची. झाडाचं पोट एकच असतं, खाणारी तोंडं कमी केली तरच राहिलेल्यांची अंगं भरतात. तूही विरळणी कर म्हणाल्या, आत्ताच, पुढच्या महिन्यात करून काही उपयोग नाही.

मी सांगितलं की मी कोणाच्या तोंडचा घास काढणारा माणूस नव्हे. शिवाय साधं गणित आहे. जितकी फळं जास्त तितकी व्यापाऱ्याच्या हाताला मोठं फळ लागायची शक्यता जास्त. आत्याबाईंना गणित कधी शिकवलेलं दिसत नाही.

१६ मे
एक शिट्टी. सासरेबुवा म्हणाले, आत्या विरळणी करतेय, तुम्ही का नाही? गणित समजावलं. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि नुसते बघत राहिले. ऑपरेशननंतर त्यांनी असं कोणाकडे बघितलं नव्हतं. म्हटलं करतो, करतो.

२० मे
करायचंच तर पद्धतशीर करू. मी रेकॉर्ड सेक्शनचा माणूस आहे. कपाटात एक फाइल दुसरीच्या पुढे आलेली मला खपत नाही.

झाडांचं नीट निरीक्षण केलं. आत्याबाईंना आयुष्यभर बागेत राहून जे दिसलं नाही ते मला एका सकाळी दिसलं. प्रत्येक घोसात मधलं फळ दांडगं असतं. बाकीच्यांना रेटून बसलेलं. सगळं खाणं-पिणं तेच ओढत असणार. दादागिरी! हे एक दांडगट काढलं की बाकीची गुण्यागोविंदाने वाढतील आणि सगळी एका मापाची होतील. व्यापाऱ्याला दुसरं काय हवं असतं? एका मापाचा माल.

दोन मजूर बाया लावल्या. प्रत्येक घोसातलं मोठं फळ काढायचं, लहान ठेवायची, असं बजावलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठं काढायचं? म्हटलं मोठंच. आणखी एकदा विचारलं. मग एकमेकींकडे बघून हसल्या. त्या कशालाही हसतात.

दिवसभर फळं गवतात टपटप पडत होती. व्हरांड्यातून तेवढंच दिसतं, कोणतं पडलं ते दिसत नाही. शिट्टी एकदाही वाजली नाही. रात्री सासरेबुवांनी स्वतः माझ्या ताटात आणखी वाढायला सांगितलं.

२३ मे
बायको बागेत आली. गवतातली फळं उचलून बघत होती. मग झाडाकडे बघितलं. मग विचारलं की हे कोणी सांगितलं. मी एका मापाची कल्पना उत्साहाने समजावली. ती तिथेच गवतावर बसली.

मग एवढंच म्हणाली की बाबांना यातलं अवाक्षर कळता कामा नये. त्यांचं बीपी. मधलं फळ म्हणजे घोसातलं थोरलं, सगळ्यांत आधी उमललेलं, मोठं व्हायचं ते त्यानेच व्हायचं असतं. म्हणाली, तुम्ही वेचून वेचून तेच काढलंत, आणि बाकीची गर्दी तशीच ठेवलीत.

मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय? ती म्हणाली, तिच्या लहानपणी. मला त्याचा अर्थ लागला नाही.

आता उरलेल्यांतली निम्मी तरी काढूया म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. आधी थोरली गेली, आता धाकटीही काढायची? उद्या व्यापाऱ्याला काय पानं दाखवायची?

१२ जून
झाडं आपण होऊन फळं टाकतायत! सकाळी बघावं तर खाली सडा. मी एकही तोडलेलं नाही. कोणाला विचारायची सोय नाही, कारण विचारलं तर विरळणीचा विषय निघणार.

आत्याबाई कुंपणापलीकडून न विचारताच म्हणाल्या की जूनमधे गळ होतेच, झाडाला झेपत नाही तेवढं झाड टाकतं. टोमणा होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

निदान: अशक्तपणा. उपाय: खत.

१५ जून
युरिया दिला. पिशवीवर प्रमाण लिहिलं होतं. ते साध्या बागांसाठी असणार. आपली परिस्थिती विशेष आहे, म्हणून दुप्पट.

४ जुलै
काय झाडं झालीत! हिरवीगार, पानांनी लदबदलेली, फांद्या आकाशाला. आत्याबाईंच्या झाडांना अशी पानं नाहीत. त्यांच्या झाडांवर पाहावं तिकडे फळंच दिसतात. बोडकी वाटतात.

सासरेबुवांनी बोलावून विचारलं की दुर्बिणीतून पानंच दिसतात, फळं कुठायत? म्हटलं, झाकली मूठ. ते म्हणाले की झाकल्या मुठीचं ठीक आहे, पण झाकलेल्या सफरचंदाला रंग येत नाही, त्याला ऊन लागतं. बघू. रंग शेवटचा. आधी आकार.

१० जुलै
व्यापाऱ्याच्या कड्याएवढं कडं तारेचं करून घेतलं. फळाभोवती घालून पाहिलं. फळाभोवती आणखी एक फळ मावेल एवढी जागा उरते.

वाढीला भरपूर वाव आहे.

२२ जुलै
साहेबांना फोन. एक ऑक्टोबरचं पक्कं ना, असं विचारलं. पक्कं म्हणाले. मग सहज म्हणाले की हेड हल्ली अधूनमधून रजेवर असतात, तेव्हा टायवाला त्या खुर्चीवर बसतो. तात्पुरता. फोन उचलायला सोपं पडतं म्हणून. विचारलं, खुर्चीची उंची त्याने बदलली का? साहेबांना प्रश्न कळला नाही.

मी ती उंची मनात ठरवून ठेवली आहे.

२ ऑगस्ट
एक छोटी गोष्ट राहून गेली. ठिबकच्या पाण्याचा कॉक. रांगांमधलं गवत वाळू दे म्हणून मागच्या महिन्यात बंद केला होता, तो उघडायचा राहिला. जमीन भेगाळली आहे. पानं दुपारी कान पाडून बसतात.

बायको म्हणाली, एवढं कसं विसरता हो तुम्ही? मी म्हटलं, डोक्यात ऑफिस आहे. ती म्हणाली, ते दिसतंय, मार्चपासून दिसतंय. तुम्ही इथे आलातच नाहीत अजून.

आलो नाही? रोज कोण मरतंय मग उन्हात? बायकांचं बोलणं.

कॉक थोडासा उघडला. एकदम पाणी देऊ नकोस, फळं फुटतात, असं आत्याबाई ओरडल्या. यांना कुंपणाशी उभं राहण्याखेरीज काम नाही का?

८ ऑगस्ट
आत्याबाईंची फळं लाल व्हायला लागली. आमची हिरवी. पानांपेक्षाही हिरवी, शोधावी लागतात. सासरेबुवांचं ऊन आठवलं. म्हणजे पानांची अडचण आहे. पानं कमी करायची. एवढं सोपं.

आज दिवसभर फळांभोवतालची पानं ओरबाडली. बोटं काळी झाली. दोन शिट्ट्या वाजल्या, मग चार, चारचा अर्थ अजून ठरलेला नाही. हात हलवला आणि काम चालू ठेवलं.

१३ ऑगस्ट
कडक ऊन. इतके दिवस सावलीत वाढलेली फळं एकदम उघडी पडली. ज्या गालावर लाली यायची त्या गालावर भाजल्यासारखे तपकिरी डाग. सगळ्यांवर नाहीत. जी दिसतात त्यांच्यावरच आहेत.

न दिसणारी चांगली आहेत.

१९ ऑगस्ट
व्यापाऱ्याचा निरोप. सत्तावीसला येतो.

तारेचं कडं लावून पाहिलं. पूर्वी दुसरं फळ मावत होतं, आता फक्त अंगठा मावतो. प्रगती. पण अंगठ्याएवढी कसर आठवड्यात भरून काढायला हवी. फळ म्हणजे मुख्यतः पाणी. हे शास्त्र आहे. तेव्हा कॉक पूर्ण उघडला, दिवसरात्र. बायको म्हणाली, पी हळद अन् हो गोरी. मी म्हटलं, हळद नव्हे, पाणी. तिला तेही पटलं नाही.

२४ ऑगस्ट
फळं फुटली.

सगळी नाहीत. पण देठाजवळ, बारीक, ओठ उलल्यासारखी चीर. रांगेतून फिरताना एक माझ्यासमोर फुटलं. आवाज आला. कोणीतरी जिभेने टक् केल्यासारखा.

चीर वरच्या बाजूला आहे. व्यापारी उंच नाही.

२६ ऑगस्ट
तोंडचं पाणी पळालंय. या बागेत अख्खा हिवाळा काढायची कल्पना केली आणि शेडमधल्या टेबलावर डोकं टेकून बसलो. मला घरी जायचंय. एवढंच आहे. मला माझ्या घरी जायचंय, माझ्या पलंगावर झोपायचंय, सकाळी बस पकडायची आहे. हे मागणं जास्त आहे का?

मग कल्पना सुचली. अडचणीत माझं डोकं जास्त चालतं.

आत्याबाईंकडे गेलो. म्हटलं, तुमची फळं चाखून बघायची होती. बाई इतक्या खूश झाल्या की टोपली भरून दिली, वर म्हणाल्या की कधी मागशील याचीच वाट बघत होते. एकेक फळ मुठीत मावत नाही. लाल, कडक, वासाचं.

गेटाजवळच्या दोन झाडांना ती दोऱ्याने बांधली. पांढरा दोरा, सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला. हिरवा मिळाला नाही. देठाला गाठ, फांदीला गाठ, वर पान. दोन पावलांवरून कळत नाही. व्यापारी गेटातून येतो, समोर दिसेल ते तोडतो. माणूस आळशी असतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

ही फसवणूक नाही. याच जमिनीतली, याच पाण्याची, याच कुटुंबातली फळं आहेत. मधे एक कुंपण आहे, एवढंच.

बायकोला सांगितलं नाही. तिचं बीपी चांगलं आहे, ते तसंच राहावं.

२७ ऑगस्ट, सकाळ
व्यापारी दहाला येणार. बॅग भरून ठेवली आहे. इस्त्रीचा शर्ट घातला.

२७ ऑगस्ट, दुपार
सगळं लिहितो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आला. गेटातून आत. समोरच्या झाडाशी थांबला, अगदी माझ्या मनासारखा. सासरेबुवा व्हरांड्यात, दुर्बीण डोळ्याला. बायको पायऱ्यांवर. व्यापाऱ्याने पहिलं फळ तोडलं, दोरा त्याच्या मुठीत चुरगळला असावा, कड्यावर ठेवलं. अडकलं! अगदी मजेत बसलं कड्यावर. म्हणाला, वा. यंदा जावईबापूंनी कमाल केली. माझ्या डोळ्यांसमोर चाकं फिरायला लागली. खुर्चीची.

दुसरं फळ ओढलं. ते येईना. त्याने जोर लावला. फांदी खाली आली, पान गळालं, आणि फळ त्याच्या हातात आलं ते हातभर पांढरा दोरा घेऊन. दोऱ्याच्या टोकाला मी फुलासारखी सुरगाठ मारली होती, सवयीने, फायलींना मारतो तशी.

त्याने दोऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्याकडे पाहिलं. सभ्य माणूस आहे. एवढंच म्हणाला की फळ झाडाला धरतं हे ठाऊक होतं, बांधूनही घेता येतं हे आज कळलं.

मग पुढच्या रांगेत गेला. एक तोडलं, कड्यातून सोडलं. टप. दुसरं. टप. तिसऱ्या, चौथ्या रांगेतलं. टप, टप. सगळी सारख्या वेगाने पडत होती. तोही चकित झाला. म्हणाला, इतका एका मापाचा माल मी कधी पाहिला नाही.

मी म्हटलं, बघा, तीच तर माझी कल्पना होती. तो नमस्कार करून गेला.

शिट्टी वाजली नाही. वाजायला हवी होती. मी वाट बघत उभा राहिलो.

२८ ऑगस्ट
सासरेबुवा रागावले नाहीत हेच वाईट. कालपासून दोनदा दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि दोन्ही वेळा तोंड वळवून हसले. आत्याबाईंना बोलावून दोऱ्याची गोष्ट सांगितली. त्या खांबाला धरून हसल्या. मग सासूबाईंनी विचारलं की माझा दोरा संपवलात की आहे थोडा?

सासरेबुवांना एक ऑक्टोबरचं सांगितलं. खुर्चीचं, खिडकीचं, सगळं. ते म्हणाले की ऑफिस कुठे पळून जातंय, पण झाडावरचं फळ मात्र थांबत नाही. फुटलेली आधी काढा. ज्यूसवाला घेईल. बाकीची निवडून ठेवू, जातील हळूहळू.

हळूहळू! बॅग अजून भरलेलीच आहे. उघडणार नाही.

६ सप्टेंबर
शर्ट हवे होते म्हणून बॅग उघडली. पुन्हा भरून ठेवीन.

१५ सप्टेंबर
तोडणी. निवडणी. टेबलाला तीन भोकं आहेत, मोठ्या, मधल्या आणि लहान फळांसाठी. आमच्या मालाला एकच भोक पुरतं. काम सोपं होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

आकाराचं खापर माझ्यावर फोडणं बरोबर नाही. जात, जमीन, हवा, झाडाचं वय, पाणी, कितीतरी गोष्टी असतात. पाणी माझ्याकडे होतं, मान्य. खत पण. विरळणी पण. पानं पण. हवा माझ्याकडे नव्हती.

२७ सप्टेंबर
निर्णय. काहीही झालं तरी तीसला इथून निघायचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जा. इतक्या शांतपणे म्हणाली की मीच विचारलं, आणि फळं? ती म्हणाली, मी आणि आई बघू. मग टेबलाशी जाऊन निवडायला लागली. तिच्या हाताला चिरा पडल्यात. मला आजपर्यंत दिसल्या नव्हत्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१ ऑक्टोबर
शेडमधे आहे. ज्यूसवाल्याची गाडी येणार होती, ती यायला आणि मी नसायला नको, असं झालं. उद्या आलो तर चालेल का, असं साहेबांना विचारायला सकाळी फोन केला. साहेब म्हणाले, घाई करू नका. टायवाल्याने काम चांगलं उचललंय. सकाळीच पेढे वाटले त्याने. तुम्ही रजा वाढवून घ्या, निवांत या. तुमचं टेबल तूर्त झेरॉक्स मशिनसाठी घेतलंय.

शेडच्या मागे गेलो आणि रडलो. खरंच रडलो, नाक वाहीपर्यंत. कोणी बघितलं नाही. आत्याबाईंनी बघितलं, पण त्या कधी नव्हे ते कुंपणापासून लांब गेल्या.

३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. त्या खुर्चीमागच्या खिडकीतून दुपारी ऊन येतं. पाठ भाजते. नको होती ती खुर्ची मला.

१९ ऑक्टोबर
डॉक्टरांनी सासरेबुवांना चालायची परवानगी दिली. चालले! व्हरांडाभर चालले, काठी नुसती दाखवायला. मला मनापासून आनंद झाला. म्हणजे आता बाग त्यांची, मी मोकळा. रात्री जेवताना तसं सूचित करणार.

रात्री
सूचित करायच्या आधीच त्यांनी सांगितलं. पायाला रोज व्यायाम हवा, शिकवणारा माणूस शहरातल्या हॉस्पिटलात बसतो, आणि हॉस्पिटल आमच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्यांवर. फ्लॅट रिकामाच आहे. लिफ्टही आहे. तेव्हा ते आणि सासूबाई हिवाळ्यापुरते तिकडे जातात. बायको त्यांची घडी बसवून द्यायला बरोबर जाईल.

बाग? बागेकडे बघायला तुम्ही आहातच की, जावईबापू. यंदा चुका करून झाल्या, आता पुढच्या वर्षी करायला नवीन उरल्या नाहीत.

सगळे हसले. मीही हसलो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यात घास होता.

२५ ऑक्टोबर
गेले. बायको गाडीतून म्हणाली, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. माझी बॅग तिने नेली, तिची फाटली म्हणून.

१२ नोव्हेंबर
बायको पंधरा दिवसांनी येणार होती. यायची आहे. व्यायामवाल्याचं म्हणणं की घरचं माणूस जवळ हवं.

घर शांत. मीच चहा करतो. फळांचा वास गाद्यांना लागला आहे. आत्याबाई एक वाडगं सूप देऊन गेल्या आणि म्हणाल्या की छाटणी कधी सुरू करतोस, फांद्यांत उजेड खेळला पाहिजे, पुढच्या फळाचा आकार आत्तापासून ठरतो. म्हटलं, माहीत आहे मला.

२१ नोव्हेंबर
आज धीर करून घरी फोन केला. म्हणजे माझ्या घरी. सासरेबुवांनी उचलला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. सांगितलं. खुशीत होते. बसने एकटे बाजारात जाऊन आले म्हणे. टीव्हीचा आवाज येत होता. सासूबाई कोणाशी तरी हसत होत्या, शेजारीण असावी. त्या शेजारणीशी मी इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो.

मग बायको आली फोनवर. ठरवून ठेवलं होतं ते एका दमात बोललो. म्हटलं, मला करमत नाही. बागेला कुलूप लावतो आणि चार दिवस येतो. शनिवारी येतो. तुझ्याशिवाय मला इथे अजिबात करमत नाही, हे दोनदा म्हटलं. तिला मी असं कधी म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, या ना, नक्की या. फक्त झोपायचं कुठे ते बघावं लागेल. तुमच्या पलंगावर बाबा झोपतात, कडक गादी त्यांच्या खुब्याला मानवलीय. दुसऱ्या खोलीत आई आणि मी. बाहेर व्यायामाचं सामान आहे.

बरोबरच आहे तिचं. मी म्हटलं, अगं, मी आपलं सहज म्हणालो. तसाही मला कुठे वेळ आहे, छाटणी चालू आहे.

छाटणी सुरू झालेली नाही. उद्या करतो.